ठाणे: उपवन तलावाजवळ रात्री गाडी लावून झोपण्यासाठी सुरक्षित जागा आणि दिवसाच्या बेताबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझे मामा-मामी जानेवारीत नाशिकहून ठाण्याला येत आहेत. मी नौपाड्यात राहते, पण दोघांनाही घरी उतरायचं नाही. मामांनी निवृत्तीनंतर त्यांच्या मारुती ईको व्हॅनची मागची सीट काढून तिथे प्लायवूडचा दिवाण बसवून घेतला आहे. दिवाणाखाली डबे, पाण्याचा कॅन, छोटी शेगडी. काचांना आतून मामीच्या जुन्या सुती साड्यांचे पडदे, आणि रात्री खिडकी उघडी ठेवता यावी म्हणून वेलक्रोने चिकटवायची मच्छरदाणी. सकाळी डोळे उघडले की समोर पाणी दिसावं, एवढीच त्यांची हौस आहे आणि ती पुरी व्हावी असं मला मनापासून वाटतं.

ठाण्यात तलाव पुष्कळ, पण डोंगर आणि पाणी एकत्र हवं तर उपवनच. अडचण रात्रीची आहे. तलावाकाठच्या रस्त्यावर गाडी लावून झोपलेलं चालतं का, की पोलीस उठवतात? आसपास रखवालदार असलेलं पे-अँड-पार्क, एखादं लॉन किंवा मंगल कार्यालयाचं आवार पैसे देऊन रात्रीपुरतं मिळेल का? पहाटे उघडं असणारं स्वच्छ शौचालय जवळ हवं, मामींसाठी ते फार महत्त्वाचं आहे. येऊरला वर जाऊन झोपायचं नाही हे मी आधीच बजावलं आहे. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे बिबट्यांचा वावर असतो. शेगडीही तलावाकाठी पेटवणार नाहीत, चहा बाहेरच घेतील.

दिवसाचा बेत साधारण ठरला आहे. सकाळी तलावाला फेरी, मग गाडी तिथेच ठेवून बसने किंवा रिक्षाने स्टेशनकडे. स्टेशनजवळ तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी, पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस घालवण्यात अर्थ नाही. मामा आयुष्यभर रेल्वेत होते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी जिथे येऊन थांबली, ते ठाणे स्टेशन त्यांना नीट, सावकाश बघायचं आहे. त्या इतिहासाची खूण म्हणून काही जतन केलेलं तिथे बघायला मिळतं का? कुठल्या फलाटाकडे जायचं?

नंतर मामलेदार मिसळ. नाशिकचा माणूस तुलना करणारच, करू दे. मामींना तिखट सोसत नाही, त्यांच्यासाठी कमी तिखट सांगू. संध्याकाळी कोपिनेश्वराचं दर्शन, मासुंदा तलावात बोटिंग, आणि जमलं तर गडकरी रंगायतनला नाटक. मामांचे गुडघे दुखतात, त्यामुळे बोटीत चढता-उतरताना त्रास होईल का, हे अलीकडे जाऊन आलेल्यांनी सांगावं.

ऐरोलीला खाडीत फ्लेमिंगो बघायची मामींची इच्छा आहे. तिथल्या बोटी भरतीच्या वेळेवर सुटतात, म्हणून त्याच दिवशी ते कोंबू नये असं माझं मत आहे. दुसऱ्या दिवशी उपवनहून थेट ऐरोलीला जायचं तर सकाळच्या वाहतुकीत किती वेळ धरावा?

रविवारी उपवनला गर्दी असते म्हणून मधला वार धरला आहे. जागा सुचवताना गाडी रात्रभर आत ठेवू देतात का आणि कोणाला विचारायचं, तेवढं नक्की लिहा.