मदत हवी आहे: एलडीएल (रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल) वाढलंय, घरातलं तेल बदलू का? आणि कुठलं?

नमस्कार मंडळी,

वय ४४, बाकी तब्येत बरी आहे पण परवाच्या रिपोर्टात एलडीएल १६८ निघालं. डॉक्टर म्हणाले लगेच गोळी नको, तीन महिने खाण्याकडे लक्ष द्या, सॅच्युरेटेड फॅट कमी करा मग परत तपासू. मी मान डोलावली आणि बाहेर आल्यावर लक्षात आलं की सॅच्युरेटेड म्हणजे ओट्यावरच्या नेमक्या कुठल्या बरणीवर हात ठेवायचा तेच मला माहीत नाही.

आम्ही घरात चौघं. महिन्याला दीड लिटर खोबरेल (दोन वर्षांपूर्वी एक व्हिडिओ बघून मीच सुरू केलं, घरच्यांनी तेव्हाच नाकं मुरडली होती), दोन लिटर रिफाइंड सूर्यफूल आणि अर्धा किलो तूप लागतं. नेटवर बघावं तर एक म्हणतो खोबरेल अमृत, दुसरा म्हणतो बियांची तेलं म्हणजे विष, ओमेगा-६ मुळे अंगात सूज येते, तिसरा म्हणतो ऑलिव्ह आणा पण तापवू नका, मग काय नुसतं बघत बसू का?

तर खोबरेल सोडलं तर त्याजागी काय आणू? तूपही सोडावं लागेल का? घाण्याचं चांगलं की रिफाइंड? आणि बाटलीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं असतं त्याला काही अर्थ आहे का?

---

प्रतिसाद: कढईकाठ

शेवटचं आधी. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच, कुठल्याच नाही. तेव्हा ते लिहिणं म्हणजे पाण्याच्या बाटलीवर 'साखर नाही' छापण्यासारखं. मागचं पोषणाचं कोष्टक बघा, त्यातली सॅच्युरेटेड आणि ट्रान्स या दोनच ओळी तुमच्या कामाच्या.

आता तुमचाच हिशोब करू. दीड लिटर खोबरेल म्हणजे अंदाजे १३८० ग्रॅम, चौघांत तीस दिवस वाटलं की माणशी रोज साडेअकरा ग्रॅम. खोबरेलात जवळपास ८५ टक्के सॅच्युरेटेड, म्हणजे त्यातूनच १० ग्रॅम गेले. सूर्यफूल माणशी १५ ग्रॅम, त्यात सॅच्युरेटेड ११ टक्क्यांच्या आसपास म्हणजे पावणेदोन ग्रॅम. तूप माणशी ४ ग्रॅम आणि ते ६० टक्क्यांच्या थोडं वर, म्हणजे अडीच. डब्ल्यूएचओ म्हणतं एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांपर्यंतच सॅच्युरेटेड असावं, २००० कॅलरी धरल्या तर साधारण २२ ग्रॅम. दूध, मांस, पॅकेटातलं खाणं हे सगळं अजून मोजलेलंच नाही आणि तुमचे १४ संपले.

त्याच साडेअकरा ग्रॅमला शेंगदाणा तेल घेतलं तर २ ग्रॅम, कॅनोला घेतलं तर एकाच्याही खाली. तुपाशी भांडत बसू नका, चोर दुसराच आहे :)

---

प्रतिसाद: जुना_खोड

हे सगळं पुस्तकी. आमचे आजोबा आयुष्यभर तूप खाऊन ९१ वर्षं जगले. आणि अमेरिकेतल्या मिनेसोटात १९६८ ते ७३ मध्ये लोकांना मक्याचं तेल दिलं, कोलेस्टेरॉल उतरलं पण माणसं काही कमी मेली नाहीत. तो जुना डेटा २०१६ साली परत काढून छापला, तो कोणी सांगत नाही.

---

प्रतिसाद: कढईकाठ

सांगतो की. प्रयोग खरा आहे, पण त्यातले बहुतेक लोक वर्षभरही त्या आहारावर नव्हते, आणि धमन्यांचं दुखणं वर्षानुवर्षं साचतं. एकच प्रयोग न बघता सगळे एकत्र बघून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ साली सांगितलं की सॅच्युरेटेडच्या जागी पॉलीअनसॅच्युरेटेड (सूर्यफूल, मका अशा तेलांत जास्त असतं ते फॅट) घेतलं तर हृदयरोग कमी होतो, आणि खोबरेल वापरू नका असंही त्यातच म्हटलंय. 'त्याच्या जागी' हा शब्द धरून ठेवा. तेल कमी केलं आणि ती भूक साखर नि मैद्याने भागवली तर फायदा हाती लागत नाही. सूज म्हणाल तर लिनोलेइक ॲसिड (बियांच्या तेलांतलं मुख्य ओमेगा-६) वाढवून माणसांवर जे प्रयोग झाले त्यात रक्तातली सुजेची मापं वाढलेली दिसली नाहीत.

आजोबांना नमस्कार, पण एलडीएल धागाकर्त्याचं वाढलंय.

---

प्रतिसाद: मिरचीबाई

घाण्याच्या तेलात वास, चव, थोडं व्हिटॅमिन ई जास्त राहतं, पण सॅच्युरेटेडचं प्रमाण जवळपास तेच, त्यामुळे एलडीएलसाठी हा वाद बाजूला ठेवा. ऑलिव्ह तापवायचं नाही हे अर्धवट आहे, एक्स्ट्रा व्हर्जिनवर रोजचं परतणं आरामात होतं. जवसाचं मात्र खरंच तापवू नका, वरून घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा, लवकर खवट होतं. तळणाचं तेल काळं, चिकट, फेसाळ झालं की सरळ टाकून द्या, तिथे काटकसर नको.

आणि कुठलंही तेल असलं तरी ग्रॅमला ९ कॅलरीच. 'हेल्दी' म्हणून दुप्पट ओतणारे मी घरातच पाहिलेत.

अजून एक, थायरॉईड तपासलंय का? ते मंदावलं तरी एलडीएल चढतं, मग तेलाला उगाच शिव्या बसतात.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. थायरॉईडचं डॉक्टरांना उद्याच विचारतो. खोबरेल बंद, त्याजागी शेंगदाणा आणि कॅनोला आलटून पालटून, तूप चमच्याने मोजून, असं ठरवलंय.

पण एक घोळ झालाय. हा धागा बायकोला वाचून दाखवला तर ती म्हणाली दीड लिटर कुठून काढलंस, दोन लिटर जातं, आणायला मी जाते. म्हणजे कढईकाठ यांच्या हिशोबाने नुसत्या खोबरेलातूनच १३ ग्रॅम होत होते ना? आता नवीन कॅन उघडला की त्यावर मार्करने तारीख टाकायची असं तिने सांगितलंय, आणि मार्करही माझ्या हातात दिलाय.