'आर्थिक स्वातंत्र्य' आणि 'उत्पन्नाचं वाटप': शब्द बरोबर आहेत का?

पुतणीचा अर्थशास्त्राचा अभ्यास घेत होते, 'आर्थिक स्वातंत्र्य' आलं आणि आई मधेच म्हणाली, म्हणजे बाईच्या हातात स्वतःचा पैसा की गं. आम्ही सोलापूरला पूर्व भागात राहतो, आईनं पस्तीस वर्षं विड्या वळल्यात. पुस्तकात मात्र अर्थ वेगळाच. कॅनडातल्या फ्रेझर इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्थेचा, देशादेशांतलं आर्थिक स्वातंत्र्य मोजणारा निर्देशांक ५ गोष्टी बघतो, सरकारचा आकार, कायदा आणि मालमत्तेचा हक्क, पैशाची स्थिरता, परदेशी व्यापाराची मोकळीक आणि नियमांचा जाच. एकच शब्द दोन्हीला कसा चालायचा?

ताई, आईंचा अर्थ मराठीत रुळलाय, तो तसाच राहू द्या. पुस्तकातल्याला 'मोकळीक'च म्हणा, तुम्ही वर वापरलाच आहे तो शब्द. 'मुभा' नको, मुभा कुणीतरी द्यावी लागते, मोकळीक नुसती असूही शकते. १९९१ च्या आधी कारखाना काढायला लायसन्स मिळायचं ती मुभा, जुलै १९९१ ला १८ उद्योग सोडून बाकीच्यांचं लायसन्स गेलं ती मोकळीक.

पटलं दादा. पण पुस्तकातल्या 'उत्पन्नाच्या वितरणा'ला 'उत्पन्नाचं वाटप' म्हणणं खटकतंच. वाटप म्हटलं की वाटणारा आला, रेशनचं असतं तसं. बाजारात मजुरी, नफा, व्याज सौद्यातून ठरतं, तिथं वाटणारा कोण? आणि सौदा तरी कसला, आईची मजुरी हजार विड्यांवर, तपासणारा मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला सारायचा, त्याचे पैसे नाहीत, आणि आई रिकामं सूप घेऊन गप घरी यायची. काम सोडायची मोकळीक होती, पण दुसरं काम कुठं होतं?

म्हणून मी 'विभागणी' लिहितो. आणि 'वाटा' जपून वापरा. त्याच निर्देशांकाच्या अहवालात सगळ्यात मोकळे देश आणि सगळ्यात जखडलेले देश शेजारी ठेवलेत, तर सगळ्यात गरीब १० टक्के लोकांचा वाटा दोन्हीकडं साधारण तेवढाच, रक्कम मात्र मोकळ्या देशांत कितीतरी जास्त. म्हणजे 'गरिबांचं उत्पन्न वाढलं' आणि 'गरिबांचा वाटा वाढला' ही दोन वेगळी वाक्यं झाली, लोक सर्रास एकासाठी दुसरं वापरतात. शिवाय मोकळीक होती म्हणून पैसा आला की पैसा होता म्हणून मोकळीक परवडली, हे नुसत्या तुलनेतून कळत नाही.

बरं, मग पुतणीला 'विभागणी' लिहायला सांगते, आणि पहिल्यांदा येईल तिथं शेजारी 'वितरण'पण, पेपर तपासणाऱ्याला पुस्तकातला शब्द दिसायला पाहिजे.