अनुभव धागा : जेवणाच्या मेजाशेजारी ऐकलेला जॅझ

मराठवाड्यात जॅझ सहज कानी पडत नाही. तो ऐकायला आपल्याकडची माणसे मुंबई-पुण्याला जातात, किंवा क्वचित इकडेच कोणाच्या तरी घरी मोजक्या श्रोत्यांपुरती मैफल होते. जेवण आणि वादन एकाच खोलीत आणि वादक अगदी समोर, अशा संध्याकाळी आपण काय ऐकले आणि काय पाहिले, ते येथे सविस्तर लिहावे. 'छान वाटले' एवढ्यावर कृपया थांबू नये. वादक एकमेकांशी कसे वागले आणि जेवणाने ऐकण्यात भर घातली की व्यत्यय आणला, हे वाचण्याची खरी उत्सुकता आहे.

बीड

आमच्या घरी लग्नाच्या बँडची परंपरा आहे. वडील क्लॅरिनेट वाजवत आणि काका सॅक्सोफोन, त्यामुळे पुण्यातल्या त्या लहानशा जागेत सॅक्सोफोन पाहून मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्याच्या हळू आवाजाचे. परण्यात, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीत, मारुतीच्या देवळापर्यंत चालत वाजवायचे, भोवती फटाके आणि गर्दी, तेव्हा फुंक पूर्ण लावावीच लागते. इथे वादकाने आधी रीड, म्हणजे फुंकताना कंप पावणारी पातळ पट्टी, तोंडात धरून ओली केली, सावकाश बसवली आणि संथ लयीच्या रचनेत तो माइकपासून चक्क दोन पावले मागे सरकला. कळा मिटतानाची टपटप आणि स्वर संपल्यावर उरलेली नुसती हवा, दोन्ही मला ऐकू येत होते. रात्री वडिलांना फोनवर सगळे सांगितले, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली : माइक सोडला तरी शेवटच्या मेजापर्यंत पोचत होते का? पोचत होते. आमच्या बँडमध्येही असा दम असलेले वादक होते आणि आहेत. त्यांना खोलीत बसवून, शांतपणे, कोणी ऐकलेलेच नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

अंबाजोगाई

मी तबला शिकते, म्हणून सवयीने आधी सम शोधू लागले, आणि ती सापडेना. त्या दिवशी बारा बारचा ब्लूज चालला होता. प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे 48 मात्रांचे आवर्तन. ड्रमवादक पहिली मात्रा ठळक दाखवत नव्हता. त्याच्या पायाखालचा हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटवायची झांजांची जोडी, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटत होता. आमचे मेज इतके जवळ होते की मी त्या पायावरच नजर ठेवली. पाचव्या बारला स्वरसंगतीचा पाया बदलतो, सातव्याला मूळ ठिकाणी येतो, नवव्याला पुन्हा हलतो, हे कळल्यावर आवर्तन हाती लागले.

पुढे सॅक्सोफोन आणि ड्रम यांनी चार-चार बार वाटून घेतले. बारा बारांत चाराचे तीनच भाग पडतात, त्यामुळे एका आवर्तनाचा आरंभ सॅक्सोफोन करतो, तर पुढच्याचा ड्रम, आणि प्रत्येक वेळी पाळी आपोआप उलटते. ही उलटापालट कळली, तेव्हा मला इतका आनंद झाला की समोरचे सूप निवून गेले तरी भान राहिले नाही. तालाच्या विद्यार्थ्यांनी हे एकदा तरी वादकांजवळ बसून ऐकावे.

नांदेड

डबल बास या खर्जाच्या मोठ्या तंतुवाद्याच्या सोलोत बाकीची वाद्ये जवळजवळ थांबतात. नेमके तेव्हाच शेजारच्या मेजावर सिझलर आले आणि त्याच्या चुरचुर आवाजात खर्जाचे स्वर बुडाले. वाढप्यांचा यात दोष नाही, परंतु पदार्थ कधी बाहेर काढायचे हे स्वयंपाकघराने वादकांशी आधी ठरवून घेतले पाहिजे.

छत्रपती संभाजीनगर

नांदेडच्या अनुभवाला जोडून लिहितो. आमच्या एका स्नेह्यांनी घरच्या अंगणात त्रिकूट बोलावले होते : पियानोऐवजी कीबोर्ड, बास आणि ड्रम. सर्वांना आधी नान-खलिया पोटभर वाढला, ताटे उचलली आणि मगच वादन सुरू केले. ड्रमवादकाने काठ्यांऐवजी ब्रश घेतले होते, ते कातड्यावरून फिरताना होणारी सरसर अंगणाच्या टोकापर्यंत स्पष्ट आली. माझ्या मते हाच क्रम योग्य आहे.

जालना

1978 साली मुंबईच्या रंगभवनात 'जॅझ यात्रा' हा जॅझ महोत्सव भरला, तेव्हा मी शिक्षणासाठी तिथे होतो. अमेरिकन वादक सनी रोलिन्स यांचा टेनर सॅक्सोफोन मी दुरून ऐकला. तो नाद आजही आठवतो, पण बोटे दिसली नव्हती. वादकाची बोटे जवळून पाहायला मिळाली ती फार उशिरा, मुंबईतल्याच एका छोट्या जागेत. जेवण आणि जॅझ ही जोडी मुंबईला नवी नाही. 1930च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी, टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे अमेरिकन वादक जेवणाऱ्या-नाचणाऱ्या लोकांसमोर वाजवत. पुढे गोव्याचे चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट तिथे गाजला आणि सी. रामचंद्र यांच्या चित्रपटसंगीतातही आला. बीडच्या मित्रांना एवढेच सांगतो की आपल्या बँडवाल्यांनी वरातीत ती गाणी वाजवली, तेव्हा जॅझचा अंश आपल्या गल्लीत येऊन गेला होता.

लातूर

मी आईला घेऊन गेले होते. तिचा कान कीर्तन-भजनावर घडलेला आहे आणि अशा ठिकाणी बायकांनी जावे का, ही तिची शंका दारापर्यंत टिकली होती. आत दोन-तीन कुटुंबे बसलेली पाहून ती शंका गेली. मध्यंतरात पियानोवादक शेजारी पाणी प्यायला आले, तेव्हा तिने सरळ विचारले, "मधेच हात मांडीवर ठेवून का बसला होतात हो?" ते म्हणाले, "काकू, बासवाल्याने वेगळीच वाट धरली होती. ती कुठे जाते, ते ऐकत होतो." दुसऱ्या सेटमध्ये आईने जेवणाकडे पाहिलेच नाही; कोण वाजवतो आहे यापेक्षा कोण थांबला आहे, हे ती मला कोपराने खुणावून दाखवत होती. जाणाऱ्यांना एक सुचवते : पियानो बहुधा श्रोत्यांच्या डाव्या हाताला असतो, म्हणून जागा राखताना त्याच बाजूचे मेज मागून घ्यावे, म्हणजे वादकाचे हात दिसतात.