ताकेरुफुजी उद्या उतरणार का?

तालीमवाला: ओसाकाच्या सुमो स्पर्धेचा उद्या शेवटचा दिवस (२४ मार्च २०२४). ताकेरुफुजी आज आसानोयामाकडून हरला आणि उजवा घोटा असा गेला की अँब्युलन्सने न्यावं लागलं. तो १२-२ (जिंकलेल्या-हरलेल्या कुस्त्या), मागे ओनोसातो ११-३. आता हा उतरलाच नाही तर कप ओनोसातोचा का? गणित सांगा राव कुणीतरी

नानू: इतकं सरळ नाय. न उतरणं म्हणजे हार धरतात, मग १२-३. ओनोसातोने उद्याच्या कुस्तीत होशोर्यूला पाडलं तरच बरोबरी, मग प्लेऑफ, म्हणजे दोघांची निर्णायक कुस्ती. होशोर्यू जिंकला तर ताकेरुफुजीला घरबसल्या कप.

लालमाती: मला विचाराल तर बसावं, २४ वर्षांचा पोरगा, वरच्या विभागातली पहिलीच स्पर्धा, करिअर पडलंय पुढे. पण पदार्पणातच कप १९१४ नंतर कोणी घेतला नाहीये आणि त्याच्याच तालमीत योकोझुना (सुमोतला सर्वोच्च दर्जा) तेरुनोफुजी, जो गुडघ्यांची पार वाट लागून खालून दुसऱ्या विभागापर्यंत घसरून परत वर आला, असा माणूस शेजारी असल्यावर कोण बसतंय?

तालीमवाला: उतरला!!! घोट्याला जाडजूड पट्टी, आणि गोनोयामाला ढकलत ढकलत कडेला नेऊन पाडलाच. १३-२. तिन्ही विशेष पुरस्कारपण त्यालाच

नानू: आणि नंतर होशोर्यूने ओनोसातोला हरवलं, म्हणजे झोपून राहिला असता तरी कप त्याचाच होता 😂 सांगू नका त्याला