प्रतिसाद: 'नेंजम मरप्पदिल्लै' का रखडला

चित्रपट इतकी वर्षं पडून राहिला म्हणजे त्यात दम नसणार, हे मला अजिबात पटत नाही. दिग्दर्शक सेल्वराघवनच्या 'नेंजम मरप्पदिल्लै' या तमिळ भयपटाचं चित्रीकरण 2016 मध्ये झालं आणि तो थिएटरात आला 5 मार्च 2021 ला. घोळ होता निर्मात्यांच्या पैशांचा. अगदी शेवटच्या आठवड्यातही थकबाकीचा वाद मद्रास उच्च न्यायालयात होता आणि स्थगिती उठल्यावरच खेळ लागले.

आणि चित्रपट शिळा वाटतो का? एस. जे. सूर्याने साकारलेला रामसे बघा. श्रीमंत, लाघवी, लहर फिरली की अंगावर काटा आणणारा. मुलाला सांभाळायला आलेल्या मरियमचं (रेजिना कॅसांड्रा) तो जे करतो, ते तिचं भूत होण्याआधीच जास्त भीतिदायक आहे. सेल्वराघवन आणि संगीतकार युवन शंकर राजा तमिळमध्ये 'पुदुपेट्टै'नंतर (2006) इथे पुन्हा एकत्र आले, आणि युवनचं पार्श्वसंगीत तर हेडफोन लावूनच ऐकावं. उत्तरार्ध विस्कळीत आहे, मान्य. पण तो दोष लेखनाचा, उशिराचा नाही. एवढं काम डब्यात अडकून राहिलं याचं मला खरंच वाईट वाटतं.