लिनक्स प्रॅक्टिकलचं टर्मिनल रेकॉर्ड करायचंय, पण व्हिडिओ नको

लॅबवाली_कराड:

मंडळी, कराडजवळच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी लिनक्सची प्रॅक्टिकल घेते. आतापर्यंत स्क्रीन रेकॉर्डर लावून व्हिडिओ करायचे आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे. तिथे तो दाबला जातो आणि अक्षरं अशी फिसकटतात की डॅश कुठला, अंडरस्कोर कुठला, काही कळत नाही. मग रात्री फोन सुरू होतात, "मॅडम, ग्रेपच्या पुढे काय लिहिलंय?" बरीच मुलं पाटण, कोयनानगर भागातली. रेंज यथातथा, रोजचा डेटा मोजका. त्यांना एवढाले व्हिडिओ उतरवायला सांगणंच मला पटत नाही.

दुसरं म्हणजे, मुलांनी लॅबमध्ये स्वतः काय केलं त्याचं रेकॉर्डिंग मला जर्नलसोबत हवंय. सध्या एकाचं आउटपुट आणि अख्ख्या बॅचच्या झेरॉक्स.

लॅबमध्ये काही मशीनवर उबुंटू २२.०४ आहे, काही म्हाताऱ्या पीसींवर अजून २०.०४. टर्मिनलवर जे उमटेल ते फाइलमध्ये नोंदवणारी स्क्रिप्ट ही कमांड चालवून पाहिली. फाइल उघडली तर प्रत्येक प्रॉम्प्टच्या आधी चौकोनी कंस, प्रश्नचिन्ह, २००४ आणि एच असा कचरा. तो कशाचा? आणि रिप्ले केलं की कमांड खरंच पुन्हा चालतात का? आरएमचं, म्हणजे फाइल उडवणाऱ्या कमांडचं, प्रॅक्टिकल आहे, म्हणून विचारते.

रात्रपाळी_ठाणे:

मॅडम, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. तो सुटला की बाकीचं आपोआप सुटतं.

काहीही पुन्हा चालत नाही. स्क्रिप्ट ही कमांड तुमच्या आणि शेलच्या (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) मध्ये एक नकली टर्मिनल उभं करते. शेलला वाटतं हेच खरं. ते जे जे तिथे लिहितं ते स्क्रिप्ट तुमच्या पडद्यावर टाकते आणि त्याची एक प्रत फाइलमध्ये ठेवते. अक्षरं, रंगांचे कोड, बॅकस्पेस, घंटी, सगळं जसंच्या तसं. स्क्रिप्टरिप्ले ही जोडीची कमांड तीच प्रत पुन्हा पडद्यावर ओतते, बस्स. आरएम हजारदा पाहिलं तरी एक फाइल उडणार नाही. (युटिल-लिनक्स, म्हणजे स्क्रिप्ट ज्यात येते तो कमांडचा संच, त्याच्या २.३५ आवृत्तीपासून स्क्रिप्टलाइव्ह नावाची एक कमांड सोबत येते. ती मात्र नोंदवलेलं इनपुट खऱ्या शेलला पुन्हा भरवते. तिचं नाव मुलांसमोर काढूच नका.)

प्रत फक्त आउटपुटची असते हे ध्यानात ठेवलं की पासवर्डचा प्रश्नही उलगडतो. सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारं) पासवर्ड विचारतं तेव्हा एको बंद असतो, पडद्यावर काही उमटत नाही, म्हणून फाइलमध्येही येत नाही. पण इनपुट नोंदवण्याचा पर्याय चालू केलात तर तोच पासवर्ड साध्या अक्षरांत फाइलमध्ये जाऊन बसतो. आणि मायएसक्यूएल या डेटाबेसचा पासवर्ड कमांडच्याच ओळीत टाइप करायची सवय असलेल्यांचा तर कसाही जातो.

आता वेळेची फाइल. नुसत्या टाइपस्क्रिप्ट फाइलमध्ये (स्क्रिप्ट बनवते ती) काय उमटलं ते असतं, कधी उमटलं ते नसतं. त्यासाठी २२.०४ वर लॉग-टायमिंग हा पर्याय द्या. २०.०४ मध्ये युटिल-लिनक्स २.३४ आहे, तिथे हा पर्याय नाही. तिथे जुना 'टायमिंग, बरोबरचं चिन्ह, फाइलचं नाव' हाच चालतो, आणि तो नव्यावरही चालतो, तेव्हा सगळ्या लॅबला एकच शिकवा. ती फाइल एकदा उघडून बघाच. आत अशा ओळी दिसतील:

०.१८२३११ १
०.१४०२२५ १
०.३१५०९० २
०.००४१०७ ६८

पहिला आकडा मागच्या नोंदीनंतर किती सेकंद गेले, दुसरा किती बाइट उमटले. वरच्या ओळींत कुणीतरी एल दाबलं, मग एस, क्षणभर थांबून एंटर, आणि एलएसचं आउटपुट एका झटक्यात आलं. रिप्लेला लागणारी सगळी माहिती एवढीच. म्हणून फाइल केबीत राहते. बघताना डी पर्यायाने वेग वाढवता येतो, एमने जास्तीत जास्त थांबा ठरवता येतो. मधेच चहाला गेलेल्याची दहा मिनिटं कोण बघत बसणार?

तो २००४ चा कचरा तुम्हाला २२.०४ वरच दिसला असणार. बॅश, म्हणजे उबुंटूतलं नेहमीचं शेल, त्याच्या ५.१ पासून ब्रॅकेटेड पेस्ट आपोआप चालू असतं. प्रत्येक प्रॉम्प्टला बॅश टर्मिनलला सांगतं, "पेस्ट केलेलं आलं तर खूण करून दे." एच म्हणजे चालू, एल म्हणजे बंद. रिप्लेमध्ये ते दिसत नाही, कारण टर्मिनल ते गिळतं. एडिटरला गिळता येत नाही. छापील प्रत हवी असेल तर कोल कमांड बी पर्यायासह वापरतात, पण ती फक्त बॅकस्पेस निस्तरते, रंगांचे कोड मागे राहतात. त्यापेक्षा रेकॉर्डिंगच्या आधी टर्म हे टर्मिनलचा प्रकार सांगणारं व्हेरिएबल डम्ब करून टाका, फाइल बरीच स्वच्छ निघेल. फक्त मग व्हीआय या एडिटरचं प्रॅक्टिकल त्यात घेता येणार नाही.

मुलांकडून विसरायला नको म्हणून कुणीतरी सुचवेल की बॅशआरसीमध्येच (शेल सुरू होताना वाचतं ती फाइल) स्क्रिप्ट टाका. टाकू नका. स्क्रिप्ट नवं शेल उघडते, ते बॅशआरसी वाचतं, त्यात पुन्हा स्क्रिप्ट, पुन्हा शेल, आणि मशीन बसतं. टाकायचंच असेल तर रेकॉर्डिंग आधीच चालू नाही ना, ते एखाद्या व्हेरिएबलवरून तपासून मग.

पेठेतला_पेंग्विन:

रात्रपाळींचं सगळं मान्य, पण शिकवण्यासाठी मी आस्कीनेमा हे टर्मिनल रेकॉर्डर म्हणेन. उबुंटूच्या एपीटीने बसतं. रेकॉर्डिंग एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये होतं. पहिल्या ओळीत आवृत्ती, रुंदी, उंची. पुढच्या प्रत्येक ओळीत वेळ, ओ हे अक्षर आणि जे उमटलं ते. दोन फाइली सांभाळायची कटकट नाही.

खरा फायदा त्याच्या प्लेअरचा. एक जेएस फाइल, एक सीएसएस फाइल आणि तुमचं रेकॉर्डिंग कॉलेजच्या सर्व्हरवर ठेवा. मुलं फोनच्या ब्राउझरमध्ये बघतील. मधे थांबवून ग्रेपची ओळ सिलेक्ट करून कॉपीही करतील, कारण ती चित्र नाही, खरी अक्षरं आहेत. रात्रीचे फोन तिथेच थांबतील. थांबवलं की पूर्णविरामाच्या बटणाने पुढे एकेक पाऊल टाकता येतं, टर्मिनलमध्येही.

काळजी दोन ठिकाणी. एक, रेकॉर्ड करताना फाइलचं नाव द्याच. दुसऱ्या पिढीच्या आवृत्तीत (तुमच्या उबुंटूत तीच आहे) नाव न देता सुरू केलंत तर शेवटी विचारतं, एंटर दाबलं तर त्यांच्या साइटवर अपलोड. सवयीने एंटर दाबणारी मुलं असतातच. दुसरं, खिडकी ८० बाय २४ करूनच रेकॉर्ड करा. लॅबच्या मोठ्या मॉनिटरवर खिडकी ताणून केलेलं रेकॉर्डिंग फोनवर मुंगीएवढं दिसतं. आणि स्क्रिप्टचं रेकॉर्डिंग लहान खिडकीत रिप्ले केलं की व्हीआय आणि टॉपसारख्या पूर्ण पडदा वापरणाऱ्या प्रोग्रामचा नुसता काला होतो. कर्सर कितव्या ओळीवर न्यायचा ते आकडे रेकॉर्डिंगमध्ये कोरलेले असतात.

ग्रुपवरच टाकायचं असेल तर एजीजी नावाचं त्यांचंच साधन त्याची जिफ करून देतं. पण मग कॉपी गेली.

लॅबवाली_कराड:

दोघांचेही खूप आभार. शिकवायला आस्कीनेमा, जमा करायला स्क्रिप्ट, असं ठरवते आहे. वेळेच्या फाइलवरून एक सुचलं. कुणी दुसऱ्याची कमांड पेस्ट केली तर ते त्यात पकडता येईल ना? एकेक बाइटऐवजी अख्खी ओळ एकदम?

रात्रपाळी_ठाणे:

येईल, आणि नाहीही. पेस्ट केलेली ओळ एका नोंदीत येते हे खरं. बॅश ५.१ तर पेस्ट केलेला भाग उलट्या रंगात दाखवतं, त्याचा कोडही फाइलमध्ये पडतो. पण वरचा बाण दाबून जुनी कमांड आणली तरी ती एकदमच उमटते, टॅबने नाव पूर्ण केलं तरी तसंच. प्रामाणिक आणि हुशार पोरगं सगळ्यात जास्त वरचा बाण दाबतं, त्यालाच तुम्ही पकडाल.

शिवाय दोन्ही फाइली त्याच्याच होम डिरेक्टरीत, त्याच्याच मालकीच्या. ज्याला टेक्स्ट एडिटर येतो त्याला आकडे बदलता येतात, आणि टेक्स्ट एडिटर तुम्हीच शिकवला आहे. पुरावा म्हणून वापरायचं असेल तर नोंद अशा जागी जायला हवी जिथे करणाऱ्याचा हात पोचत नाही. आमच्या सर्व्हरवर सुडोचंच लॉग-आउटपुट चालू असतं. नोंदी व्हार-लॉगमधल्या सुडो-आयओ डिरेक्टरीत, मालक रूट (मशीनचा मुख्य प्रशासक), आणि सुडोरिप्लेने बघता येतात. पण ज्याच्याकडे पूर्ण रूट आहे तो तेही पुसू शकतो, म्हणून नोंद दुसऱ्या मशीनवर पाठवतात. पॉलिटेक्निकच्या जर्नलसाठी एवढा बंदोबस्त कशाला?

त्यापेक्षा प्रत्येकाला वेगळा डेटा द्या. हजेरी क्रमांकावरून फाइल तयार करणारी चार ओळींचा प्रोग्राम लिहा. मग आउटपुटच वेगळं येईल आणि झेरॉक्स चालणार नाही. रेकॉर्डिंग तोंडी परीक्षेला वापरा. कुठे अडलं, किती वेळ अडलं, ते वेळेच्या फाइलमध्ये छान दिसतं. मोठा आकडा दिसला की तिथे थांबवून विचारा, "इथे काय शोधत होतास?" ज्याने स्वतः केलंय तो धडाधड बोलतो.

मॅकवाली_डोंबिवली:

एक पुरवणी. एखाद्या मुलाकडे मॅक असेल तर वरचे पर्याय तिथे चालणार नाहीत. मॅकवरची स्क्रिप्ट बीएसडी या वेगळ्या युनिक्स घराण्यातली. तिथे टी म्हणजे फाइल किती सेकंदांनी डिस्कवर लिहायची, वेळेच्या नोंदीशी त्याचा संबंध नाही. वेळेसकट रेकॉर्ड करायला आर, तेच परत बघायला पी. स्क्रिप्टरिप्ले तिथे नाहीच, आणि आरने केलेली फाइल लिनक्सच्या स्क्रिप्टरिप्लेला देऊ नका, तिला ती समजत नाही. आस्कीनेमा मात्र होमब्रूने (मॅकवर प्रोग्राम बसवायचं साधन) बसतं आणि दोन्हीकडे चालतं, तेव्हा त्या मुलाकडून तेच जमा करून घ्या.