मागणी कमी केली की व्हार कुठे जातात? डिस्पॅचेबल लोडला पॉवर फॅक्टरचं बंधन हवंच

बसबार
वीज बाजाराच्या सिम्युलेशनवर काम करताना एक गोष्ट फार खटकली म्हणून धागा काढतोय. दर चढला की मागणी कमी करणारा ग्राहक, म्हणजे डिस्पॅचेबल लोड, मॉडेलमध्ये उलटा जनरेटर म्हणून, म्हणजे ऋण उत्पादन धरून, टाकतात. नेहमीचं ९ बसचं (बस म्हणजे लाइनी, जनरेटर, लोड जिथे जोडले जातात तो बिंदू) उदाहरण घ्या, त्यात ९ नंबरच्या बसवर १२५ मेगावॅट आणि ५० मेगाव्हार लोड आहे (व्हार हे रिअॅक्टिव्ह पॉवरचं एकक, ही पॉवर प्रत्यक्ष काम करत नाही पण व्होल्टेज तिच्यावर अवलंबून असतं), पॉवर फॅक्टर, म्हणजे एकूण पॉवरमध्ये मेगावॅटचं प्रमाण, साधारण ०.९३. उलटा जनरेटर केला की मेगावॅट -१२५ ते ० आणि मेगाव्हार -५० ते ०. बरेच जण इथेच थांबतात, आणि घोळ इथेच आहे, कारण सॉल्व्हरच्या, म्हणजे सगळ्यात स्वस्त उत्तर शोधणाऱ्या प्रोग्रामच्या, दृष्टीने आता या दोन सुट्ट्या गोष्टी झाल्या.

मी असंच सोडून व्होल्टेजची खालची मर्यादा आवळून रन केलं तर सॉल्व्हरने १२५ मेगावॅट तसेच ठेवले आणि व्हार शून्याकडे ओढले. म्हणजे ग्राहकाचं सगळं काम चालू, पण व्हार मात्र गायब! मॉडेलला फुकटात ५० मेगाव्हार पुरवणारा कपॅसिटर मिळाला, जो प्रत्यक्षात कुणी बसवलेलाच नाही. रन कन्व्हर्ज झालं म्हणजे उत्तर मिळालं, एरर नाही, दर सुद्धा छान गुळगुळीत. उलट बाजूने, रात्री व्होल्टेज चढलं तर हाच लोड शून्य मेगावॅटवर बसून ५० मेगाव्हार खात राहू शकतो.

उपाय एका ओळीचा आहे. मेगाव्हार भागिले मेगावॅट हे गुणोत्तर कायम धरायचं, इथे ०.४. लिनिअर कन्स्ट्रेंट आहे, सॉल्व्हरला त्याचं ओझं होत नाही. मॅटपॉवर हे सिम्युलेशनचं पॅकेज तर हे आपणहून लावतं आणि लोडची व्हारची वरची किंवा खालची एक मर्यादा शून्य नसेल तर सरळ एरर देऊन थांबतं. माझं मत ठाम आहे, एसी मॉडेलमध्ये, म्हणजे व्होल्टेज आणि व्हारही मोजणाऱ्या मॉडेलमध्ये, हे बंधन काढायची मुभाच नको.

लॅम्डा
तत्त्व म्हणून पटतं, पण एवढा जोर कशाला ते कळलं नाही. बरेच मोठे बाजार डीसी मॉडेलवर क्लिअर होतात, व्होल्टेज सगळीकडे १ (म्हणजे ठरलेल्या पातळीइतकंच) धरायचं, व्हार मोजायचेच नाहीत, मग एसी तपासणी वेगळी. हजारो बस आणि दर पाच मिनिटांनी निकाल हवा असेल तर दुसरं काय करणार? हा वादही नवा नाही. १९९३ साली वीज बाजाराचे अभ्यासक होगन यांनी लिहिलं की खऱ्या नेटवर्कमधल्या बाजाराला रिअॅक्टिव्ह पॉवरचाही दर लागतो, आणि पुढच्याच वर्षी कान आणि बाल्डिक यांनी उत्तर दिलं की रिअॅक्टिव्ह पॉवर ही स्वस्तात सुटणारी अडचण आहे. मला दुसरी बाजू पटते. व्होल्टेज कमी पडलं तर कपॅसिटर बसवा, दरात कशाला गुंतवता.

बसबार
कपॅसिटर स्वस्त आहे हे मान्य, पण तो जागेवर असेल तर! लाइनला रेझिस्टन्सपेक्षा रिअॅक्टन्स कितीतरी जास्त असतो, म्हणून व्हार लांबून आणता येत नाहीत, अर्धे वाटेतच संपतात. ऑगस्ट २००३ च्या उत्तर अमेरिकेतल्या ब्लॅकआउटमध्ये झाडांना टेकलेल्या लाइनींइतकीच त्या भागातल्या रिअॅक्टिव्ह पॉवरच्या तुटवड्याची चर्चा झाली होती.

आणि दराचं म्हणाल तर साधा हिशोब बघा. ग्राहकाचा बिड मेगावॅटमागे ४०. बसवरचा मेगावॅटचा दर ३८, मेगाव्हारचा ६. गुणोत्तर ०.४, म्हणजे एका मेगावॅटबरोबर २.४ चे व्हार येतात, एकूण ४०.४. लोड कापला जाणार. नुसता ३८ चा आकडा बघणारा म्हणेल बाजार चुकला, पण बाजार बरोबर आहे. हा २.४ दिसण्यासाठी तर एसी मॉडेल चालवायचं, आणि तिथेच व्हार सुटे सोडले तर मग डीसीच चालवा की.

कपॅसिटरवाली
मी दोघांच्याही विरुद्ध. व्हार मोजायला हवेतच, पण ठरलेला पॉवर फॅक्टर हे सुद्धा खोटंच चित्र आहे, फक्त दिसायला नीटनेटकं. तुमचाच १२५/५० चा लोड घ्या. समजा आतल्या यंत्रांचा पॉवर फॅक्टर ०.८ आहे, म्हणजे ९३.७५ मेगाव्हार, आणि आवारात ४३.७५ चा कपॅसिटर बँक आहे म्हणून मीटरवर ५० दिसतात. आता बाजाराने लोड ५० मेगावॅटवर आणला. यंत्रं ३७.५ मेगाव्हार घेणार, बँक मात्र तसाच जोडलेला, म्हणजे ग्राहक उलट ६.२५ मेगाव्हार ग्रिडमध्ये ढकलणार. तुमचं मॉडेल सांगतं २० मेगाव्हार घेतोय. आकडा सोडा हो, चिन्हच चुकलं! मागणी कमी असताना व्होल्टेज आधीच चढलेलं असतं, त्यात हे असं.

कंट्रोलरूम
वरच्या प्रतिसादाला +१, पण यंत्रांचा ०.८ कायम राहतो हे तरी कुठे खरं आहे. इंडक्शन मोटरचा लोड कमी केला की मॅग्नेटायझिंग करंट (चुंबकीय क्षेत्र टिकवणारा, व्हार खाणारा) जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे पॉवर फॅक्टर घसरतो, पाव लोडवर तर चांगलाच. मात्र लोड कसा कमी होतो ते बघा. दहा पंप असतील आणि त्यातले सहा पूर्ण बंद केले तर उरलेले चार आपापल्या पॉवर फॅक्टरवरच चालतात, तिथे बसबार यांचं बंधन अगदी चपखल बसतं. दहाही पंप थ्रॉटल केले, म्हणजे चालू ठेवूनच प्रवाह कमी केला, तर नाही बसत. आणि कन्व्हर्टरच्या मागचे लोड, मोठे चार्जर वगैरे, त्यांची गोष्टच वेगळी, त्यातले काही खरोखर हवे तसे व्हार देऊ शकतात. अशांना मोकळीक द्या, पण कन्व्हर्टरच्या एमव्हीए (मेगावॅट आणि मेगाव्हार मिळून एकूण पॉवर) मर्यादेत राहून आणि त्या सेवेचे पैसे धरून.

लॅम्डा
हेच तर म्हणतोय, इतकी माहिती प्रत्येक बसवर कुणाकडे असते? मीटरचे दोन आकडे मिळाले तरी खूप. मी माझ्या मतावर कायम.

बसबार
माहिती नाही म्हणून व्हार सुटे सोडायचे हे मला कधीच पटणार नाही, माहिती नसेल तर बंधनच जास्त सुरक्षित. पण @कपॅसिटरवाली, तुमचा आकडा मी कागदावर दोनदा करून बघितला आणि तो बरोबर आहे, माझी मांडणी तिथे अपुरी होती. बँक लोडमध्ये मिसळून निव्वळ ०.४ धरणं चूक. बँक त्याच बसवर वेगळा शंट (बस आणि जमीन यांच्यात जोडलेला घटक) म्हणून टाकायला हवा, म्हणजे त्याचे व्हार व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतील, आणि उरलेल्या १२५/९३.७५ ला ०.७५ चं बंधन. माझं "मुभाच नको" सुद्धा मागे घेतो, @कंट्रोलरूम यांचे कन्व्हर्टरवाले लोड वगळून.

आज रात्री ९ बसवर दोन्ही प्रकारे चालवतो, लोड १२५ पासून ५० पर्यंत उतरवत. ९ नंबरच्या बसचं व्होल्टेज आणि व्हारचा दर शेजारी शेजारी टाकतो इथेच. थ्रॉटल केलेल्या मोटरसाठी घसरता पॉवर फॅक्टर तुकड्यातुकड्यांत लिनिअर करून टाकायचा म्हटलं तर किती तुकडे पुरतील, कुणी केलंय का?

कंट्रोलरूम
तीन पुरतात माझ्या अनुभवात, फक्त बंद आणि चालू यासाठी बायनरी (फक्त ० किंवा १ घेणारा चल) वेगळा ठेवा, नाहीतर शून्य मेगावॅटवर मॅग्नेटायझिंगचे व्हार तसेच राहतील.